मंडळीने शेजाऱ्यांकडे कसे जावे?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज कुठे चुकला असेल तर आपल्याला लगेच कळेल. साठ-सत्तर जणांची आपली ख्रिस्ती मंडळी गेली दोन वर्षे उपासनामंदिराच्या आसपासच्या घरांत पत्रके वाटते, नाताळला सर्वांसाठी खुला कार्यक्रम ठेवते आणि सुट्टीत मुलांचे शिबिर घेते. या सगळ्यातून चार कुटुंबे एकेकदा येऊन गेली आणि पुन्हा फिरकली नाहीत. आता मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांनी सुवार्ताप्रसाराची, म्हणजे येशूचा संदेश लोकांपर्यंत पोचवण्याची, जबाबदारी आपल्याकडे देऊन वर्षभरात फळ दिसले पाहिजे असे बजावले आहे. कोणती पद्धत हाती घ्यावी, मदतकार्य आणि सुवार्ता यांची सांगड घालावी की नाही, आणि वर्षअखेरीच्या अहवालात काय लिहावे, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मी हे काम बावीस वर्षे करते आहे आणि त्यांतली पहिली सहा वर्षे आपण आज करता आहात तेच करत होते. तेव्हा पुढच्या मजकुरात कुठे कान पिळल्यासारखे वाटले, तर तो कान आधी माझा आहे असे समजावे.

आपल्या पत्रातली एक गोष्ट चटकन नजरेत भरते. पत्रके किती छापली, शिबिराला किती मुले आली, कार्यक्रमाला किती खुर्च्या मांडल्या, हे सारे आकडे त्यात आहेत. परंतु जी चार कुटुंबे येऊन गेली त्यांच्या घरात कोण कोण आहे, ती कशासाठी आली होती आणि पुढे का आली नाहीत, याविषयी एक ओळही नाही. ती माहिती लिहायची राहून गेली असेल तर गोष्ट वेगळी. परंतु ती आपल्याकडे नसेलच, तर पद्धतीचा प्रश्न अजून आलेलाच नाही. शेजाऱ्यांना आपण ओळखत नाही आणि तेही आपल्याला ओळखत नाहीत, ही खरी अडचण आहे, आणि अधिक चांगल्या छपाईची पत्रके काढून ती सुटणार नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. आपण राहता तिथे ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत की मूठभर, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. बहुसंख्य मंडळीचा साधा आग्रहसुद्धा शेजाऱ्याला दडपणासारखा वाटू शकतो आणि मूठभरांच्या साध्या आमंत्रणाकडेही संशयाने पाहिले जाऊ शकते. धर्म पाळण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमात मान्य केलेले असले, तरी प्रत्यक्ष कायदे देशादेशांत, कधी एकाच देशाच्या प्रांताप्रांतांत वेगवेगळे असतात, म्हणून आपल्याकडचा कायदा आधी जाणकाराकडून समजून घ्यावा. तिसरी गोष्ट म्हणजे आपली माणसे उपासनामंदिराजवळ राहतात की दुरून येतात. दुरून येत असतील, तर मंदिराभोवतीच्या वस्तीत सर्वांना कामाला लावण्याचा हट्ट सोडावा. प्रत्येकाच्या घराला शेजार आहेच, आणि माणूस जिथे रोज राहतो तिथले त्याचे शब्द अधिक खरे ठरतात.

आता मूळ मुद्दा. शेजाऱ्यांविषयी बोलताना आपण सगळे लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या प्रवाशाला पाहून दोघे धर्मसेवक बाजूने निघून गेले, आणि परक्या शोमरोन्याने त्याला वाचवले) सांगतो आणि सांगताना स्वतःला न कळत शोमरोन्याच्या जागी बसवतो. आपल्याजवळ तेल आहे, द्राक्षारस आहे, उतारशाळेच्या मालकाला द्यायला पैसे आहेत, आणि वाटेत पडलेला तो शेजारी. परंतु ज्या शास्त्र्याने ‘माझा शेजारी कोण’ असे विचारले त्याला हा दाखला कसा ऐकू आला असेल, याचा विचार करावा. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या त्या माणसात त्याने स्वतःला पाहिले असणार. जखमी तो, आणि वाचवणारा असा परका, ज्याच्या लोकांशी त्याच्या लोकांचा व्यवहारही नव्हता. शेवटी येशूने प्रश्नच फिरवला आणि या तिघांपैकी शेजारी कोण झाला ते विचारले. म्हणजे शेजाऱ्याकडून मदत घेण्याची वेळ आपल्यावर येऊ शकते, हे या दाखल्यातच आहे.

त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू सत्तर जणांना (काही हस्तलिखितांत बहात्तर) पाठवतो, तेव्हा थैली, झोळी आणि वाहणा न घेता पाठवतो. ज्या घरात स्वीकार होईल तिथेच राहा, वाढतील ते खा आणि घरोघर फिरू नका, असे त्यांना सांगितले आहे. या शेवटच्या सूचनेचा रोख यजमान बदलत बसू नका असा आहे, पत्रके वाटणाऱ्यांविरुद्धचा तो आदेश नव्हे. तरीही घरोघर फिरून दमलेल्या आमच्या चमूला मी ते वचन वाचून दाखवले तेव्हा सगळे बराच वेळ हसत होते. सांगायचे ते असे, की ज्यांना पाठवले ते रिकाम्या हातांनी गेले, आणि पहिले दान त्यांनी यजमानाकडून घेतले. येशूची स्वतःची रीतही तीच दिसते. विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी त्याचे बोलणे सुरू होते ते पाणी मागण्यापासून, आणि जकातदार जक्कयाच्या घरी तो पाहुणा म्हणून जातो.

हे मला पुस्तकातून कळले असते तर सहा वर्षे वाचली असती. मला ते एका फाटकापाशी कळले. आमच्या उपासनामंदिरासमोर एक वयस्कर गृहस्थ एकटे राहत. त्यांच्या टपालपेटीत आम्ही दरवर्षी नाताळचे आमंत्रण टाकत असू. सातव्या वर्षी मी पहिल्यांदा हातात काही न घेता त्यांच्याकडे गेले आणि आमच्यामुळे आपल्याला काही त्रास होतो का, एवढेच विचारले. त्यांनी मला आत बोलावले नाही. ते चपला घालून बाहेर आले आणि फाटकाच्या खालच्या पट्टीवरचा पोचा दाखवला. आमच्यापैकी कोणाची तरी गाडी मागे घेताना तो पडला होता. दर रविवारी त्यांच्या फाटकासमोर आमच्या दोन-तीन गाड्या उभ्या असत, आणि एकदा दुखणे अंगावर असताना दवाखान्यात जायला त्यांना पाऊण तास थांबावे लागले होते, कारण गाडी कोणाची हे विचारायला आत येणे त्यांना प्रशस्त वाटले नव्हते. ‘तुमची आमंत्रणे मिळतात,’ ते म्हणाले, ‘माझे नाव मात्र त्यांवर कधी नसते.’

आम्ही गाड्या हलवल्या, फाटक दुरुस्त करून दिले आणि क्षमा मागितली. परंतु त्याने फक्त देणे फिटले. ओळख झाली ती पुढे चार महिन्यांनी. आमची ध्वनियंत्रणा बिघडली आणि हे काका निवृत्त वीजतंत्री आहेत असे कोणाकडून तरी कळले, तेव्हा मी संकोचत त्यांच्याकडे गेले. ते पेचकस घेऊन आले, दोन संध्याकाळी बसून काम केले, आणि जाताना कर्ण्याचे तोंड रस्त्याकडून आत वळवून गेले. वस्तीतले निम्मे लोक त्या आवाजाला कंटाळले होते, हे आम्हाला तेव्हा कळले. पुढे ते दुरुस्तीच्या निमित्ताने येत, कधी उपासनेला मागच्या बाकावर बसत, कधी बसत नसत. ते ख्रिस्ती झाले का, असे मला हमखास विचारले जाते. नाही झाले. परंतु त्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी आमच्या पाळकांना बोलावून घेतले आणि मृत्यूविषयी जे प्रश्न त्यांनी विचारले, तितके उघडे प्रश्न मला सभासदांकडूनही क्वचितच ऐकू आले आहेत.

मिशनच्या इतिहासात ही उणीव फार पूर्वी बोलून दाखवली गेली आहे. 1910 साली एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली, तेव्हा सुमारे बाराशे प्रतिनिधींमध्ये बहुतेक सर्व युरोप आणि उत्तर अमेरिकेतले होते. तिथे व्ही. एस. अझरिया या भारतीय सेवकाने भाषण केले. हेच अझरिया पुढे 1912 मध्ये दोर्नाकलचे बिशप झाले. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन ते म्हणाले, की तुम्ही गरिबांसाठी तुमची संपत्ती दिली, तुमची शरीरेही दिली, परंतु आम्ही प्रीतीही मागतो, आम्हाला मित्र द्या. ज्यांनी घरदार सोडून आयुष्य वेचले होते अशा लोकांपुढे हे बोलणे सोपे नव्हते, आणि ते सर्वांना रुचलेही नाही. माझ्या मते मंडळी आणि शेजार यांच्यातल्या दुराव्याचे निदान त्या एका वाक्यात आहे: देणारा आणि घेणारा यांची पायरी कधीच एक होत नाही, म्हणून दान पुष्कळ होते आणि मैत्री होत नाही.

तेव्हा प्रत्यक्ष काय करावे, याचे माझे उत्तर असे. पहिले तीन महिने कोणताही कार्यक्रम ठेवू नये. ज्यांची खरोखर इच्छा आहे अशी आठ-दहा माणसे निवडावी, आणि प्रत्येकाने दोन किंवा तीनच घरे मनाशी धरावी. जास्त घेऊ नयेत. दहा घरे घेणारा माणूस दहाही घरांत अनोळखी राहतो. भेटीला जाताना पत्रक, भेटवस्तू, नोंदणीचा कागद असे काही बरोबर नसावे. बोलणे हवापाण्यावरून सुरू झाले तरी चालते, मात्र तीन गोष्टी विचारायला विसरू नये: आपण इथे किती वर्षे आहात, या भागात चांगले काय चालले आहे, आणि आमच्या मंडळीमुळे आपल्याला काही त्रास होतो का. तिसऱ्या प्रश्नाला पहिल्या भेटीत बहुधा ‘नाही, नाही’ असेच उत्तर मिळते. खरे उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मिळते, आणि ते ऐकताना आपला बचाव करू नये.

दुसरा प्रश्न मुद्दाम तसा ठेवला आहे. समाजसंघटनेच्या क्षेत्रात जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी 1993 मध्ये असे मांडले, की वस्तीच्या गरजांची यादी करत राहिले म्हणजे तिथल्या लोकांना स्वतःकडेही उणिवांचे गाठोडे म्हणून पाहायची सवय लागते. त्याऐवजी तिथे कोणाला काय येते, कोण कोणाच्या उपयोगी पडतो, याची मोजदाद आधी करावी. मला हे शास्त्रवचनाशी जुळणारे वाटते. आपल्या वहीत ‘गरजू’ असा रकाना नसावा. कोण उत्तम शिवते, कोणाला बागेतले कळते, कोण रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेतो, हे लिहावे, आणि मग त्यांतल्या एखाद्याकडे स्वतःच्या खऱ्या अडचणीसाठी जावे. खोटी अडचण निर्माण करून जाऊ नये. लोकांना ते कळते. त्या वहीत शेजाऱ्याने वाचले तर त्याला वाईट वाटेल असे काहीही लिहू नये, हा आमच्याकडे लेखी नियम आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे मदत आणि सुवार्ता यांच्या सांगडीवर, माझे मत ठाम आहे. दोन्ही मंडळीचीच कामे आहेत. 1974 च्या लोझान करारात, म्हणजे लोझान येथे जमलेल्या जगभरच्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांच्या निवेदनात, सुवार्ताप्रसार आणि सामाजिक-राजकीय सहभाग ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्याची अंगे असल्याचे म्हटले आहे, आणि सुवार्तेसाठी आपली उपस्थिती तसेच समजून घेण्यासाठी केलेले संवेदनशील ऐकणे अपरिहार्य असल्याचेही. परंतु एकाच मंडळीने दोन्ही करणे वेगळे आणि एकाला दुसऱ्याची अट लावणे वेगळे. धान्य, औषध, शिकवणी किंवा काम यांपैकी काहीही उपासनेला येण्याशी जोडले, तर शेजारी जे ऐकतो ती सुवार्ता राहत नाही, तो सौदा होतो. 2011 मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादासाठीची परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून बहुधर्मीय जगातल्या ख्रिस्ती साक्षीविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. एरवी फारशा गोष्टींवर एकमत नसलेल्या या तीन संस्थांनी त्यात प्रलोभन आणि जबरदस्ती यांना स्पष्ट नकार दिला आहे, आणि धर्म बदलणे हा निर्णायक टप्पा असल्याने त्यासाठी पुरेसा वेळ, विचार आणि पूर्ण व्यक्तिस्वातंत्र्य असले पाहिजे असे सांगितले आहे.

व्यवहारात आम्ही अशी काळजी घेतो, की ज्या ठिकाणी मदत दिली जाते त्या ठिकाणी त्या वेळी प्रवचन होत नाही. कोणी आपणहून विचारले तर बोलणे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी होते. यावर आमच्याच काही भावांचा आक्षेप असतो, की संधी वाया जाते. माझा अनुभव असा, की जो माणूस दुसऱ्या दिवशीही विचारायला येतो त्याचा प्रश्न खरा असतो. मदत घेणाऱ्यांची छायाचित्रे आम्ही काढत नाही. डाव्या हाताला कळू नये असे ज्याविषयी सांगितले आहे ते वार्तापत्रात छापणे मला कधीच पटले नाही.

तरीही एका उलट्या चुकीचा इशारा देते, कारण सावध मंडळ्या हीच चूक करतात. वर्षानुवर्षे मैत्री चालते आणि येशूचे नाव एकदाही निघत नाही. मग अचानक एके दिवशी आमंत्रण येते आणि शेजाऱ्याला वाटते, म्हणजे इतके दिवस हे यासाठी चालले होते तर! लपवून ठेवलेला हेतू उघड झाला की मैत्री मुळापासून संशयास्पद ठरते. म्हणून मी तिसऱ्या-चौथ्या भेटीत साधेपणाने सांगून टाकते, की मी त्या समोरच्या मंडळीची आहे, ख्रिस्तावर माझा विश्वास आहे, आपल्याला कधी त्याविषयी विचारावेसे वाटले तर मला सांगायला आवडेल आणि नाही वाटले तरी आपली ओळख अशीच राहील. यातले शेवटचे वाक्य बोलायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. माझ्या एका शेजारणीने ‘तो विषय नको’ असे स्वच्छ सांगितले, त्याला चौदा वर्षे झाली. आमच्या घरांच्या किल्ल्या आजही एकमेकींकडे असतात. येशूने एका श्रीमंत माणसावर प्रीती केली, पण तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याच्या मागे धावून सर्वस्व विकून गरिबांना देण्याची अट सैल केली नाही, असे मार्कच्या वृत्तांतात दिसते.

कोणी विचारलेच, तर पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाप्रमाणे सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यावे. आपल्या माणसांची पूर्वतयारी इथे हवी. प्रत्येकाला स्वतःची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची हकिगत, पाच मिनिटांत सांगता आली पाहिजे, आणि तीही ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘ओझे’ असे आपल्या आपल्यात चालणारे शब्द न वापरता. आम्ही याचा सराव जोडीजोडीने करतो. ऐकणाऱ्याने न कळलेला शब्द आला की टेबलावर टिचकी मारायची. पहिल्या दिवशी खोलीत टिचक्यांशिवाय काही ऐकू येत नव्हते. पुढे जाण्याची इच्छा असेल, तर मार्ककृत शुभवर्तमान दोघांनी मिळून वाचावे. ते सोळाच अध्यायांचे आहे आणि त्यात गोष्ट वेगाने पुढे सरकते. वाचताना शिकवू नये. आपल्याला इथे काय दिसले, एवढे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे.

दोन बाबी आपण विचारल्या नाहीत, तरी सांगते. मुलांच्या शिबिरात काय शिकवले जाणार आहे हे पालकांना आधी स्पष्ट कळले पाहिजे आणि त्यांची लेखी संमती असली पाहिजे, आणि मुलांजवळ कधीही एकटा प्रौढ नसावा. आपल्या चार कुटुंबांपैकी एखादे यामुळेच दुरावले नाही ना, ते तपासावे. ‘खेळ आणि गाणी’ एवढेच सांगून मुलांना बोलावले असेल, तर पालकांना राग येणे रास्त आहे. दुसरी बाब प्रार्थनाविनंतीची. शेजाऱ्याने विश्वासाने सांगितलेले घरातले दुखणे बुधवारच्या प्रार्थनासभेत नावानिशी सांगितले गेले, की गुरुवारी ते वस्तीभर होते. शेजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, त्याला विचारून त्याच्यासमोरही करावी, परंतु सभेत नाव घेण्याआधी त्याची परवानगी घ्यावी.

राहिला अहवाल. वडीलजनांशी हे बोलणे वर्षाच्या शेवटी करू नये, आत्ताच करावे. बाप्तिस्मे किती झाले हा आकडा आपल्या हातातला नाही. पौलाने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ देवाने दिली, हे वचन त्यांनाही पाठ असणार. जे आपल्या हातात आहे ते मोजणे त्यांना मान्य आहे का, ते विचारावे: किती घरांत आपल्या माणसाला नावाने ओळखतात, किती शेजाऱ्यांनी आपल्याला मदत केली, आपल्यामुळे होणारे कोणते त्रास आपण थांबवले, आणि विश्वासाविषयीचा प्रश्न कोणी आपणहून विचारला का. पहिल्या वर्षी चौथ्या प्रश्नापुढे बहुधा शून्य येईल. आमच्या पहिल्या अहवालात तेच होते, आणि एका वडीलजनांनी तो परत करून ‘हे काय काम झाले?’ असे विचारले. मी त्यांना पुढच्या रविवारी उपासनेआधी काकांच्या फाटकापाशी दहा मिनिटे उभे केले.

आता त्या चार कुटुंबांकडे या आठवड्यात आपण स्वतः जाऊन यावे, बरोबर आमंत्रण नेऊ नये, आणि ती पुन्हा का आली नाहीत हे विचारून जे सांगतील ते लिहून घ्यावे. उत्तरे मिळाली की मला कळवावे. मंडळीतले कोण कोणत्या घराशी जोडावे, याचा विचार त्यानंतरच करता येईल.